चढावर ही बरी

आमच्या घरी भाकरीचा तवा खंबाटकीच्या बोगद्यावर ठरतो. पप्पा साताऱ्याकडून रिकामा ट्रेलर घेऊन परत येत असले, की बोगदा ओलांडल्यावर आईला फोन करतात. बोलणं काहीच नसतं. "आलो गं इकडं," एवढंच. आई "बरं" म्हणते आणि फोन ठेवते. मग ती आमटीला फोडणी देते, भात लावते, आणि शिरवळ, खेड-शिवापूर, कात्रज असं मनातल्या मनात त्यांच्याबरोबर येत राहते. कात्रजच्या पुढे आले असतील असं वाटलं की पीठ मळायला घेते. पप्पा कालव्याजवळ आमच्या रस्त्याला वळतात तेव्हा पहिली भाकरी फुगलेली असते. हे मी लहानपणापासून बघत आले आहे. आईने यासाठी कधी घड्याळाकडे पाहिल्याचं मला आठवत नाही.

हल्ली हा अंदाज चुकतो. तो चुकण्यात माझा हात आहे. घरात मला हे कोणी म्हणत नाही, आणि म्हणतील अशी शक्यताही नाही, कारण दोघांनाही ते नीटसं माहीत नाही.

पप्पांचा एकच ट्रेलर आहे. लांब, जमिनीलगतचा, पोकलेन, रोलर अशी जड यंत्रं एका कामावरून दुसऱ्या कामावर नेण्यासाठी. त्याला ओढणाऱ्या पुढच्या गाडीला या धंद्यात घोडा म्हणतात. घोडा थकला की बदलतात, ट्रेलर तोच राहतो. शाळेत असताना मला वाटायचं हा शब्द फक्त आमच्याच घरात वापरतात, म्हणून मी तो तिथे कधी उच्चारला नाही. शाळा हडपसरची, इंग्रजी माध्यमाची. तिथे मी तसंही फार काही उच्चारत नसे.

आमचा जुना घोडा आणि पप्पांचा डावा गुडघा साधारण एकाच सुमाराला थकले. जुन्या घोड्याचा क्लच जड होता. घाटात गर्दी असली की दर दोन हातांवर तो दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. पप्पा जेवायला पाटावर बसत, ते खुर्चीवर आले. मग खुर्चीवरून उठताना टेबलाला धरायला लागले. आम्ही हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी फोटो उजेडाकडे धरून पाहिला आणि म्हणाले, "क्लच दाबणं बंद करा."

"क्लच दाबणं बंद केलं तर गाडी कशी चालणार?" पप्पा म्हणाले.

"तेच सांगतोय," डॉक्टर म्हणाले, आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

त्यानंतरही पप्पा चालवत राहिले. एकदा साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या चढावर पुढे एक गाडी बंद पडली आणि रांग लागली. पप्पांच्या मागे ट्रेलरवर पोकलेन. थोडं सरकायचं, थांबायचं, पुन्हा सरकायचं. निम्म्या घाटात त्यांचा डावा पाय सुन्न झाला, क्लच नीट धरता आला नाही आणि गाडी मागे आली. फार नाही. मागच्या मोटारवाल्याने घाबरून हॉर्न दाबून धरला, तेवढीच. मग ब्रेक लागला.

पप्पांनी ही गोष्ट घरी येऊन हसत सांगितली. "एवढा वाजवत हुता, मला वाटलं त्याची वरातच चाललीय."

मी हसले. आई हसली नाही. ती उठून ओट्याकडे गेली आणि घासलेलंच पातेलं पुन्हा घासायला लागली.

आई पप्पांशी भांडत नाही, ती वाट बघते. त्या दिवसापासून ती गुडघ्याची वाट बघत होती. पप्पांना सांगून ते थांबणार नाहीत, पण गुडघा एक दिवस त्यांना थांबवेल, असं तिने मनाशी धरलं होतं. ती रोज गुडघ्याला तेल चोळायची. मनापासून चोळायची, मी पाहिलं आहे. आणि तो बरा व्हायला नको होता तिला, हेही मला तिच्या हातांकडे बघताना कळायचं.

मग चहाच्या टपरीवर कोणीतरी पप्पांना सांगितलं, की आता क्लचचं पेडलच नसलेले घोडे मिळतात. क्लच आत असतो, पण तो गाडीच दाबते आणि गाडीच गिअर टाकते. पप्पांनी घरी येऊन मला विचारलं, "तू ह्यातलीच ना? असलं खरंच चालतं का?"

मी यातली आहे असं म्हणता येईल. खराडीच्या ज्या कंपनीत मी काम करते तिथे आम्ही परदेशातल्या ट्रकच्या गिअरबॉक्सचं गणित संगणकावर करतो. मागे किती वजन, पुढे किती चढ, मग कुठल्या वेगाला कुठला गिअर पडावा. ज्या डोंगरांवर मी दिवसभर आकड्यांत चढते ते मी पाहिलेले नाहीत. घरी मात्र माझ्या कामाबद्दल कोणी कधी काही विचारलं नव्हतं. "ऑफिसला जाते" एवढंच सगळ्यांना पुरत होतं, आणि मलाही. पप्पांनी विचारलं तेव्हा मला आनंद झाला. जे उत्तर दोन-तीन वाक्यांत देता आलं असतं, ते मी दहा-बारा वाक्यांत दिलं. पुढे जे झालं त्यात या आनंदाचाही वाटा आहे असं मला वाटतं.

सोलापूर रस्त्यावर, लोणीच्या अलीकडे, जुने घोडे विकणाऱ्या एका गृहस्थांचं मोकळं आवार आहे. ट्रेलरशिवायचे घोडे तिथे ओळीने उभे असतात, मागून एकदम उघडे, अर्धवट वाटतात. मालक मूळचे पेठेतले. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं. खुर्चीतून न उठता त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पप्पांना विचारलं, "कन्या का?"

"हो. इंजिनेर हाय. गाड्यांच्याच कंपनीत."

"अरे वा. मग आपण इथपर्यंत उन्हात कशाला आलात? घरीच फळ्यावर सोडवायचं की."

पप्पा हसले. मी जमिनीकडे पाहिलं. अशा वेळी मी तेच करते. मग जमिनीकडे बघतच विचारलं, "मागच्या क्राउनचा रेशो काय आहे?"

"बोलतात वाटतं," मालक म्हणाले आणि किल्ल्या घेऊन उठले.

क्लचपेडल नसलेले दोन घोडे त्यांच्याकडे होते. इंजिन सारखं, गिअरबॉक्सही सारखा. फरक फक्त मागच्या आसात होता. आसाच्या पोटात जे मोठं दातेरी चक्र असतं त्याला क्राउन म्हणतात. इंजिनाकडून येणारा दांडा त्याला फिरवतो आणि ते चाकांना फिरवतं. दांडा किती वेळा फिरला की चाक एकदा फिरतं, तो त्याचा रेशो. एका घोड्याचा रेशो चारच्या थोडा वर होता, दुसऱ्याचा साडेपाचच्या पुढे. आकडा जितका मोठा तितका चाकाला जोर जास्त, आणि तितकाच वेग कमी. दोन्ही एकदम मिळत नाही. मला या विषयात हीच गोष्ट पहिल्यापासून आवडत आली आहे, की इथे कोणी फुकट काही देऊ करत नाही.

पप्पांनी दोन्ही घोड्यांभोवती फेरी मारली, टायरवर थापटलं, मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "आपोआप गिअर पडतो ते ठीक हाय. पण चढावर मधीच इचार करत बसली तर?"

त्यांची भीती खोटी नव्हती. असा गिअरबॉक्स गिअर बदलताना क्षणभर ओढ सोडतो. सपाटीवर ते कळतही नाही. पण मागे जड ओझं आणि पुढे चढ असला की त्या क्षणात गाडीचा वेग पडतो, मग तो आणखी खालचा गिअर शोधतो, पुन्हा ओढ सुटते. गाडी आचके देत वर जाते. चाकाला मुळातच जोर जास्त असेल तर तो एक गिअर धरून ठेवतो आणि ही शोधाशोध कमी होते. शिवाय हवं तेव्हा गिअर हाताने धरून ठेवायची सोय दोन्ही घोड्यांत होती. मी पप्पांना हे सांगितलं. ते नीट ऐकत होते. मालकही ऐकत होते, पण ते ऐकत नाहीत असं दाखवत होते.

"मग कुठला?" पप्पांनी विचारलं.

"बघून सांगते," मी म्हणाले. "आकडे मांडायला लागतील."

घरी आल्यावर पप्पा अंघोळीला गेले. आई पावटे सोलत बसली होती. मी तिच्यासमोर बसून सोलायला लागले. 

"नवी घेतली तर किती वर्षं चालवतील?" तिने विचारलं.

"काय माहीत. गुडघ्याला त्रास नाही झाला तर बरीच."

"ते तुझं ऐकत्यात. माझं ऐकून घेत्यात, ऐकत न्हाईत." तिने शेंगेतला किडका दाणा काढून टाकला. "तू न्हाई म्हण."

"कशाला नाही म्हणू?"

"म्हण, ह्या गाड्या आपल्या घाटाला चालत न्हाईत. तुला कारणं येतात सांगायला, मला येत न्हाईत."

"पण चालतात, आई."

"मला ठाव हाय चालतात. म्हणून तर तुला सांगतीय."

मी काहीच बोलले नाही. गप्प राहण्याचा एक फायदा असतो. समोरचा त्याचा त्याला हवा तसा अर्थ लावतो आणि आपण काही कबूल केलेलं नसतं. आईने माझ्या गप्प बसण्याचा अर्थ हो असा लावला असणार. पावटे संपले तेव्हा तिने माझ्या गालाला हात लावला. तिच्या बोटांना शेंगांचा हिरवा वास होता. तो हात मला अजून आठवतो आणि आठवला की मी दुसरं काहीतरी करायला घेते.

रविवारी मी खोलीचं दार लावून आकडे मांडले. पप्पांचा ट्रेलर, त्यावर पोकलेन, खंबाटकीचा सगळ्यात उभा चढ, तिथे पूर्ण थांबून पुन्हा निघणं. उत्तर सरळ होतं. दोन्ही घोडे चढत होते. चारवाला एक गिअर खाली टाकून चढला असता, थोडा हळू, निघताना क्लच थोडा तापला असता. काळजी करण्यासारखं काही नव्हतं. आणि पप्पांचा रस्ता काही सगळा घाट नाही. घाट मधे थोडासा, आधी आणि नंतर सपाट हायवेच आहे. अशा माणसाला चारवालाच योग्य. ऑफिसात कोणी विचारलं असतं तर मी तोच सांगितला असता, कारणांसकट.

पण सपाटीवरचे आकडे बघताना मला दुसरीच गोष्ट दिसली. साडेपाचवाल्याला पळताच येत नव्हतं. वेग थोडा वाढवला की इंजिन ओरडायला लागलं असतं. चालवणाऱ्याला आपोआप पाय उचलावा लागला असता. मी त्या आकड्याकडे बराच वेळ बघत बसले. आईला हवं ते 'नाही' मला देता येणार नव्हतं, कारण ते खोटं होतं आणि पप्पांनी कारण विचारलं असतं तर माझं तोंडच मला फितूर झालं असतं. पण पप्पा चालवणारच असतील तर निदान हळू चालवतील. मला वाटलं, हे अर्धं तरी आईला देता येईल.

बाहेर आले तर दोघंही स्वयंपाकघरात होते. मी पप्पांना म्हणाले, "साडेपाचवाली. चढावर ही बरी."

वाक्य खरं होतं. चढावर ती बरीच होती. दुसरीही पुरली असती, हे मी म्हणाले नाही. आईने माझ्याकडे पाहिलं. 'नाही' कुठे आहे, असं ते बघणं होतं. मी म्हणाले, "अजून चालवून बघायचीय." म्हणजे 'नाही' म्हणायची वेळ अजून गेलेली नाही, असं मी तिला सांगितलं. स्वतःलाही तेच सांगितलं.

या धंद्यात सपाटीवर चालवून घोडा कोणी घेत नाही. भरलेला ट्रेलर लावायचा, घाटात न्यायचा, ऐन चढावर पूर्ण थांबवायचा आणि तिथून उचलायचा. मागे न येता उचलला, तर व्यवहार. पप्पांना तसाही एक पोकलेन भुईंजकडच्या कामावर पोचवायचा होता. आवाराच्या मालकांनी किल्ली दिली आणि म्हणाले, "न्या. फक्त घोडा नेताय तर घोडाच परत आणा, गाढव करून आणू नका."

मी रजा काढली आणि पप्पांच्या शेजारी बसले. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत एक-दोनदा बसले होते, त्यानंतर नाही. वरून रस्ता वेगळा दिसतो. मोटारींची फक्त टपं दिसतात. कात्रजच्या बोगद्यापर्यंत पप्पा गिअरबॉक्सवर नाराज होते. त्यांचा डावा हात पुन्हा पुन्हा गिअरच्या दांड्याकडे जायचा, तिथे दांडा नसायचा, मग तो हात मांडीवर परत यायचा. "काय करायचं ह्या हाताचं?" ते म्हणाले. "खिशात घालून बसू का?"

खंबाटकीच्या पायथ्याशी त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. चढ सुरू झाला. इंजिनाचा आवाज जड झाला, एकदा गिअर खाली पडला, आणि मग तो तसाच राहिला. आचके नाहीत. गाडी आपल्या चालीने वर निघाली. दोन वळणं झाल्यावर, जिथे चढ सगळ्यात उभा आहे त्याच्या थोडं अलीकडे, रस्त्याची कडा जरा रुंद होते. पप्पांनी गाडी तिथे कडेला घेतली आणि थांबवली.

मागे पोकलेन. त्याचं वजन पाठीमागून आपल्याला धरून आहे असं खरंच जाणवत होतं. मी आरशातून मागे बघत होते. एक टेंपो येत होता, तो बाजूने निघून गेला. पप्पांनी ब्रेकवरून पाय काढला आणि ॲक्सिलरेटर दाबला. तेवढ्यात मी खाली पाहिलं.

त्यांचा डावा पाय खालच्या मोकळ्या पत्र्यावर दाबलेला होता. तिथे पेडल नव्हतं, काहीच नव्हतं. तरी तो पाय पूर्ण ताकदीने दाबलेला होता, गुडघा थरथरत होता, आणि मग तो सावकाश, अंदाज घेत, वर यायला लागला. जसा क्लच सोडतात तसा. गाडी पायाची वाट न बघता निघाली होती. एक बोटभरही मागे आली नाही. पाय अजून अर्ध्यातच होता.

पप्पांनी तो पाहिला. आधी ओशाळले, मग मोठ्याने हसले, मग त्यांनी तो पाय लांब केला, अगदी सरळ, जसा सुट्टीत बागेत बसल्यावर करतात. गेल्या कित्येक महिन्यांत मी त्यांना तो पाय असा सैल सोडताना पाहिलं नव्हतं.

"काय म्हणतीस?" त्यांनी विचारलं. "घ्यायची?"

आईचं 'नाही' माझ्याकडे होतं. ते म्हणायला हीच जागा होती, पुढे पुन्हा मिळणार नव्हती, हेही मला कळत होतं. मी म्हणू शकले असते, पप्पा, आवाज बरोबर नाही, माझा अंदाज चुकला. त्यांनी ऐकलं असतं. आईचं अगदी बरोबर होतं. ते माझं ऐकतात.

"घ्या," मी म्हणाले.

घाटमाथ्यावर त्यांनी गाडी उभी केली आणि घरी फोन लावला. "घेतोय गं. पोरगी म्हणती घ्या."

पलीकडून आई काय म्हणाली ते मला ऐकू आलं. "बरं," ती म्हणाली. बोगद्याच्या फोनला म्हणते तसंच.

त्या दिवशी घरी गेल्यावर आईने मला काही विचारलं नाही. जेवायला वाढलं, तूप नेहमीएवढंच घातलं. तिने टाकून बोलावं म्हणून मी दोनदा उगाच तिच्या मागेमागे केलं. ती म्हणाली, "मधी मधी का करतीस, भाजशील."

घोडा आला, त्याला हार घातला, नारळ फोडला. गुडघा सुधारला. पप्पा पुन्हा पाटावर बसत नाहीत, पण खुर्चीवरून हात न टेकता उठतात. तेल चोळणं हळूहळू बंद झालं.

आणि घोडा हळू आहे. मी निवडला तसाच. हायवेवर दुधाचे टँकर, भाजीचे टेंपो, सगळे पप्पांना मागे टाकून जातात. ओळखीचे ड्रायव्हर जाता जाता हात बाहेर काढून विचारतात, "काय, नांगरायला निघालात का?" कामावरचे लोक विचारतात, "घोडा घेतला का बैल?" पप्पा टपरीवर सगळ्यांना एकच उत्तर देतात, जे मी एकदा भाजी आणायला गेले असताना माझ्या कानांनी ऐकलं. "सपाटीला कुणीबी पळंल. चढावर या माझ्यासंगं. पोरीनं आकडे मांडून निवडलाय." मी भाजी न घेताच तिथून परत फिरले.

पण मी आकड्यांत एक गोष्ट धरली नव्हती. शहराच्या हद्दीत संध्याकाळी जड गाड्यांना बंदी असते. पूर्वी पप्पा बंदी सुरू व्हायच्या आत कात्रज ओलांडायचे. आता बहुतेक वेळा थोडक्यात हुकतं. थोडक्यात हुकलं की अलीकडेच कडेला गाडी लावून बंदी उठेपर्यंत बसावं लागतं. म्हणजे थोडासा हळू घोडा, आणि घरी यायला मात्र जेवणवेळ टळून जाते. वेग मी मोजला होता, नाक्यावरचा पोलीस मोजला नव्हता.

बोगद्यावरून फोन येतो. आई "बरं" म्हणते. आमटी होते, भात होतो, ती कात्रजपर्यंत मनातल्या मनात येते, पीठ मळते, आणि पप्पा येत नाहीत. मळलेल्या पिठावर ती ओलं फडकं टाकते. सुरुवातीला ती दर वेळी दारापर्यंत जाऊन यायची. मी तिच्याजवळ लॅपटॉप घेऊन बसायचे, काम करत असल्यासारखी. त्यांना हळू करून मी तिची काळजी कमी करायला निघाले होते. पूर्वी ती जेवढा वेळ काळजी करायची, त्याहून जास्त वेळ आता करते, आणि तो वाढीव वेळ माझ्यामुळे आहे.

एका संध्याकाळी पप्पा वेळेवर आले, कारण त्या दिवशी काम सासवडकडचं होतं. आम्ही तिघं बरोबर जेवत होतो; म्हणजे मी आणि पप्पा जेवत होतो, आई भाकऱ्या करत होती. पप्पा म्हणाले, "गॅरेजवाला म्हणतोय क्राउन बदलता येतोय. चारचा बसवून देतो म्हणाला. सपाटीला जरा पळंल." मग माझ्याकडे वळले. "बदलू का? तू काय म्हणतीस?"

माझं उत्तर तयार होतं. किती दिवसांपासून तयार होतं. बदला. चारचाही चढतो. तेव्हाही चढला असता. एवढंच म्हणायचं होतं, आणि निम्मं ओझं उतरलं असतं. पहिला शब्द मी तोंडात जुळवत होते.

"नको," आई म्हणाली.

तिने वळून पाहिलंही नव्हतं. भाकरी तव्यावर टाकत होती.

"अगं, लवकर येईन घरी," पप्पा म्हणाले. "तुझंच पीठ वाळतंय."

"घाटात मागं येती का ही?"

"न्हाई येत. एक बोट येत न्हाई."

"पोरगी म्हणाली ना, चढावर ही बरी म्हणून?"

"म्हणाली."

"मग राहू द्या." तिने भाकरीला पाणी लावलं, वाफ आली. "तवा मी उशिरा ठेवीन."

पप्पा तिच्या पाठीकडे बघत राहिले. ट्रेलर चालवण्याबद्दल ती त्यांच्याशी 'राहू द्या' असं पहिल्यांदाच बोलली होती. ते "बरं" म्हणाले. त्यांच्या तोंडून तो शब्द मला परका वाटला.

मी घास गिळला. आता बोलता येणार नव्हतं. आईच्या मनात घाट जरा सपाट झाला होता, आणि तो माझ्या त्या अर्ध्या वाक्यावर सपाट झाला होता. गाडी मागे येत नाही ती क्राउनमुळे नाही. चढावर ब्रेक क्षणभर धरून ठेवायची सोय गिअरबॉक्सबरोबरच येते आणि ती दोन्ही घोड्यांत होती. हे सांगितलं तर पप्पांना पळणारी गाडी मिळेल, आणि आईला कळेल की मी ज्या कारणासाठी ही निवडली ते सांगितलेलं कारण नव्हतं. मग ती कशावर विश्वास ठेवून बसेल, मला माहीत नाही. न सांगावं तर पप्पा रोज टँकरच्या मागे राहतील आणि टपरीवर माझं कौतुक करत राहतील.

मी आजवर सांगितलेलं नाही.

काल बोगद्यावरून फोन आला. "आलो गं इकडं." आई "बरं" म्हणाली. तिने पिठाचा डबा खाली काढला नाही. टीव्ही लावला, आवाज बंद ठेवून बघत बसली. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "आता कात्रजला थांबले असतील बघ." मी "हो" म्हणाले आणि तिघांची ताटं काढून ठेवली.